टेक्सासचा फिरस्ता गवई

टेनेसी राज्याची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहरातून दर शनिवारी रात्री ध्वनिक्षेपित होणाऱ्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात गाण्याचा मान मिळावा म्हणून अमेरिकेतील ग्रामीण गवयांच्या दोन-तीन पिढ्यांनी जिवाचे रान केले. परंतु तो मान पदरात पडल्यावर गवयाच्या हाती येणारा मेहनताना ऐकला, तर या सगळ्या खटाटोपाचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. वादकांच्या संघटनेने ठरवून दिलेल्या किमान दरापलीकडे तेथे फारसे काही मिळत नसे, आणि शनिवार तर जलशाच्या धंद्यातला सर्वांत कमाईचा वार. त्या रात्री एखाद्या लांबच्या गावच्या सभागृहात उभे राहिले असते तर जी बिदागी मिळाली असती तिच्यावर पाणी सोडून, शेकडो मैलांची मजल मारून हे लोक नॅशव्हिलला हजर होत. चालकांचा दंडकच तसा होता: १९६०च्या दशकात वर्षातील बावन्न शनिवारांपैकी निदान सव्वीस शनिवारी हजेरी लागली पाहिजे, असा नियम असे, आणि १९६४च्या डिसेंबरात तो न पाळल्याबद्दल डझनभर नामांकित कलावंतांची नावे पटावरून कमी करण्यात आली.

मग हा तोट्याचा सौदा पत्करायचा कशासाठी? याचे उत्तर नभोवाणी-लहरींच्या गुणधर्मात आहे. ‘डब्ल्यूएसएम’ हे नॅशव्हिलचे नभोवाणी केंद्र पन्नास हजार वॅट शक्तीचे, आणि सूर्य मावळल्यावर त्याच्या मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरत. दिवसा ज्या केंद्राचा आवाज टेनेसीच्या आसपासच घुटमळे, ते रात्री अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक भागातील शेतकऱ्यांच्या ओसरीवर ऐकू येई. केंद्राची मालकी एका विमा कंपनीची होती. गरीब व कष्टकरी वर्गास किरकोळ हप्त्यांचे विमे विकणाऱ्या तिच्या प्रतिनिधींना दारात उभे राहताना ऑप्रीचे नाव उपयोगी पडावे, हा १९२५ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमामागील व्यवहार होता. गवयाचा व्यवहार त्याहून निराळा नव्हता. ऑप्रीचा गवई म्हणून जाहिरातपत्रावर नाव छापता आले की पुढच्या पाच रात्रींच्या सुपाऱ्या मिळत. तो शनिवारी दवंडी पिटून घेई, रविवारी गाडीत बसे, आणि पुढल्या शुक्रवारपर्यंत तिची फळे गोळा करी. ध्वनिमुद्रिका, नभोवाणी, चित्रपट ही सारी साधने प्रवासासाठी असत. प्रवास ही त्यांच्यासाठी घेतलेली तसदी नसे. बाहेरच्या माणसास हे उलटे वाटते, परंतु या पेशातील माणसाचे आयुष्य या एका गोष्टीवाचून उलगडत नाही.

ज्या संगीताला अमेरिकेत ‘कंट्री’ म्हणतात, त्याची वंशावळ बरीच मिश्र आहे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडकडून डोंगराळ मुलुखात येऊन वसलेल्या लोकांचे पोवाड्यासारखे कथागीत आणि त्यांचे फिडल, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा बँजो आणि त्यांचे ब्लूज, आणि प्रार्थनामंदिरांतील सामुदायिक भजने, या सर्वांचे पाणी त्यात उतरले आहे. शहरवासीयांनी या संगीताची आरंभी यथेच्छ टवाळी केली. या क्षेत्रात कीर्तिमंत पुष्कळ झाले. परंतु फिरतीच्या धंद्याचे स्वरूप ज्याच्या चरित्रात आरपार दिसते असा माणूस निवडायचा, तर मी अर्नेस्ट टबला निवडीन. त्याच्याहून गोड गळ्याचे गवई शेकड्यांनी सापडतील. तो स्वतःच हसत सांगत असे की, मद्यगृहात आपली मुद्रिका लागली की एखादा तरुण शेजारच्या मैत्रिणीला म्हणतो, याच्यापेक्षा मी बरा गातो. आणि बहुधा ते खरेच असते.

टबचा जन्म ९ फेब्रुवारी १९१४ रोजी टेक्सासमधील क्रिस्प या खेड्यात, कापसाच्या शेतावर झाला. शिक्षण बेताचे, आईवडिलांचा काडीमोड झालेला, आणि तारुण्यात पदार्पण करावे तो देशावर महामंदीचे संकट. या मुलाने एकच दैवत मानले होते: जिमी रॉजर्स. त्याच्या मुद्रिका ऐकून ऐकून टबने आपला गळा त्याच्या वळणावर घासला, परंतु प्रत्यक्ष भेटीचा योग कधी आला नाही.

हा रॉजर्स कोण, हे सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही, कारण फिरत्या गवयाच्या पेशाचा पायंडा त्यानेच पाडला. मिसिसिपी राज्यातील मेरिडियनकडचा हा गृहस्थ रेल्वेत ब्रेकमन होता. १९२४ साली क्षयाचे निदान झाले. १९२७च्या ऑगस्टमध्ये राल्फ पीअर नावाचा ध्वनिमुद्रण-प्रतिनिधी टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी तात्पुरते यंत्र मांडून बसला असता रॉजर्स तेथे जाऊन गाऊन आला. त्या वर्षअखेरीस मुद्रित झालेल्या त्याच्या ‘ब्लू योडेल’ या गीताने, ज्यात ब्लूजच्या ओळींच्या शेवटी आल्प्सच्या गुराख्यांसारखी गळ्याची कलाटणी घेतली होती, त्याला देशभर नेले. पुढची सहा वर्षे तो तंबूतील खेळ, नाट्यगृहे आणि सभागृहे यांतून हिंडला. क्षयावर त्या काळी विश्रांती हेच औषध. परंतु विश्रांती घ्यावी तर उत्पन्न थांबते आणि औषधोपचाराचा खर्च भागत नाही, अशा कात्रीत तो सापडला होता. १९३३च्या मे महिन्यात तो न्यू यॉर्कला शेवटच्या ध्वनिमुद्रणासाठी गेला, तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये पडून राहण्यासाठी खोलीत खाट टाकावी लागली. २४ मे रोजी काम संपले. २६ तारखेला तेथल्या टॅफ्ट हॉटेलात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो वारला. त्याची शवपेटिका आगगाडीने मेरिडियनला गेली.

टब त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. काही काळाने सॅन अँटोनियोत सरकारी मदत-कामावर खोदकाम करीत आणि एका स्थानिक नभोवाणी केंद्रावर गात असताना रॉजर्सची विधवा पत्नी कॅरी याच शहरात राहते असे त्याला समजले. त्याने दूरध्वनीच्या यादीत नाव शोधून सरळ फोन केला, आणि एक छायाचित्र मागितले. बाईंनी घरी बोलावले, पुढे त्याचे गाणे ऐकले, आणि आपल्या पतीच्याच ध्वनिमुद्रण कंपनीकडे शब्द टाकून १९३६ साली त्याच्या मुद्रिका काढवल्या. इतकेच नव्हे तर रॉजर्सची गिटार त्याच्या हाती दिली. पुढे सुमारे चाळीस वर्षे ती गिटार टबपाशी होती, आणि नंतर त्याने ती मेरिडियनच्या रॉजर्स संग्रहालयाच्या स्वाधीन केली. मृत पतीचा वारसा एका अनोळखी पोराच्या ओटीत घालणाऱ्या या बाईचे मला तरी टबपेक्षाही अधिक कौतुक वाटते.

त्या मुद्रिका मात्र खपल्या नाहीत, आणि त्या खपल्या नाहीत यात अन्याय काही नव्हता. रॉजर्सची नक्कल ऐकण्यापेक्षा रॉजर्स ऐकणे केव्हाही बरे. या नकलेतून सुटका केली ती एका शस्त्रक्रियेने. १९३९ साली टबच्या घशातील गाठी काढल्या आणि त्यानंतर आवाज खाली उतरला, ‘योडेल’ची कलाटणी कायमची गेली. गवयाचा गळा बिघडावा आणि त्यातून त्याचे भाग्य उघडावे, असे क्वचितच घडते. आता अनुकरण शक्यच नसल्यामुळे त्याला स्वतःची गाणी रचावी लागली, आणि त्या जाड, किंचित उतरत्या, घरात बोलल्यासारख्या आवाजाला शोभेल असा साधेपणा त्याच्या रचनेत आला. डेक्का कंपनीने त्याच्याशी करार केला. फोर्ट वर्थच्या नभोवाणी केंद्रावर एका पिठाच्या गिरणीने त्याच्या कार्यक्रमाचा खर्च उचलला आणि आपल्या पिठाचे नाव त्याच्या नावाला जोडले.

याच सुमारास एक अडचण उभी राहिली, आणि तिच्या निवारणातून या संगीताचे रूप पालटले. मद्यबंदी १९३३ साली उठल्यानंतर टेक्सासच्या तेलक्षेत्रांत ‘हाँकीटाँक’ म्हणून ओळखली जाणारी मद्यगृहे जागोजागी उघडली होती. तेथे नाणे टाकले की हवी ती मुद्रिका वाजवणारे ज्यूकबॉक्स असत. हे यंत्र भाड्याने देणाऱ्यांची तक्रार अशी की, संध्याकाळी गर्दी वाढून गलका सुरू झाला की टबच्या मुद्रिकेतील गिटार ऐकूच येत नाही, आणि मग गिऱ्हाईक तीवर नाणी टाकीत नाही. टबने ही तक्रार मुकाट्याने मान्य केली. १९४१च्या एप्रिलात डॅलसमध्ये ‘वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू’ हे त्याचे गीत मुद्रित झाले त्यात विजेवर चालणारी गिटार होती. हे गाणे त्याच्या नावावर कायमचे चिकटले. १९४३ साली तो ऑप्रीत दाखल झाला आणि त्याच्याबरोबर विजेची गिटारही तेथे स्थिरावली. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी नाके मुरडली असतील. परंतु जी परंपरा आता आपण ‘अस्सल’ म्हणून जपतो, ती ज्यूकबॉक्सवाल्याच्या गल्ल्याने घडवली आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता त्या फिरतीकडे वळू. आरंभीच्या काळात ही मंडळी एका मोटारीत पाच-सहाजण दाटीवाटीने बसत. उभा बास टपावर दोरखंडाने बांधलेला, वाद्ये व कपडे मागच्या कप्प्यात. देशव्यापी महामार्गांचा कायदा १९५६ साली झाला. त्यापूर्वीचे रस्ते म्हणजे गावागावांच्या पेठेतून जाणारे, दुपदरी, वळणावळणाचे. एका गावचा खेळ रात्री अकराला आटोपला की वाद्ये गाडीत भरायची, मिळेल तेथे काही खायचे, पाळीपाळीने गाडी हाकायची, आणि दुसऱ्या दिवशी तीन-चारशे मैलांवरील गावी दुपारपर्यंत पोचून तेथल्या नभोवाणी केंद्रावर दोन शब्द बोलून यायचे. खेळाच्या जागाही नाना प्रकारच्या: शाळेचा दिवाणखाना, चित्रपटगृहात दोन खेळांमधला अवकाश, जिल्ह्याची जत्रा, लष्करी कवायतीचे सभागृह, आणि जेथे नाचणाऱ्यांच्या पायांखाली गाणे चिरडले जाई अशी मद्यगृहे. सुपारी घेताना कधी ठोक रक्कम ठरे, कधी तिकीटविक्रीतला हिस्सा. आणि हिस्सा ठरला असेल तर व्यवस्थापकाच्या हिशेबावर डोळा ठेवायला आपला एक विश्वासू माणूस खिडकीशी उभा करावा लागे.

या रस्त्यांनी माणसेही घेतली. टबनेच पुढाकार घेऊन ज्याला ऑप्रीत येण्यास साहाय्य केले तो हँक विल्यम्स, ज्याच्याइतका प्रतिभावान गीतकार या परंपरेत दुसरा सांगणे कठीण, १९५३च्या पहिल्या दिवशी ओहायोतील कँटन गावच्या खेळाला जात असता गाडीच्या मागच्या आसनावर मृतावस्थेत आढळला. वय अवघे एकोणतीस. मद्य व औषधांनी पोखरलेले शरीर. १९६३च्या मार्चमध्ये गायिका पॅट्सी क्लाइन कॅन्सस सिटीहून, एका मदतनिधीच्या जलशाहून, नॅशव्हिलला परतत असता तिचे लहान विमान कोसळले, आणि ती व बरोबरचे सर्व गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी तिच्या स्मरणार्थ प्रार्थनेला निघालेला गवई जॅक अँग्लिन मोटार-अपघातात मरण पावला. या बातम्या वाचताना मनात येते की घराची ओढ, शनिवारची हजेरी आणि उद्याच्या खेळाची कबुलात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी माणसाला घाई करायला लावीत असत.

टबने या दगदगीवर उपाय म्हणून बस घेतली. आत निजण्यासाठी फळ्या, वाद्यांना स्वतंत्र जागा, आणि चालवायला स्वतंत्र चालक. वर्षाचे दोनशेच्या वर दिवस तो रस्त्यावर असे, आणि त्याचा वाद्यवृंद, ‘टेक्सास ट्रूबाडूर्स’, त्याच्याबरोबर. या वाद्यवृंदातील माणसाची स्थिती आपल्या इतिहासातील शब्दांत चटकन समजते. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि बारगीर सरकारच्या घोड्यावर बसे. येथे नाव, कीर्ती, बस आणि करार गवयाचे, आणि साथीदार ठरलेल्या पगारावर दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेले बारगीर. बहुतेक गवयांच्या साथीदारांची नावे श्रोत्यांच्या कानी पडत नसत. टबची रीत निराळी: वादकाने छानशी तान घेतली की तो गाणे चालू असताना त्याला नावाने हाक मारी, आणि ती हाक मुद्रिकेतही राहू देई. त्यामुळे बिली बर्ड, लिऑन ऱ्होड्स, बडी चार्ल्टन ही वादकांची नावे घरोघरी ठाऊक झाली. त्याचा ढोलवादक जॅक ग्रीन उत्तम गात असे. त्याला टबने स्वतःच्या खेळात गाण्याची संधी दिली, आणि १९६६ साली ग्रीनचे गीत सर्वत्र गाजू लागल्यावर चांगला बारगीर गमावण्याचे दुःख बाजूला ठेवून, आता तू स्वतंत्र हो, असे त्यानेच सांगितले. गिटारवादक कॅल स्मिथही असाच पुढे नावारूपाला आला.

खेळ संपल्यावर दुसरा खेळ सुरू होई. शेवटचा माणूस जाईपर्यंत सह्या देत, हात मिळवीत, म्हाताऱ्या बायकांच्या मुलाबाळांची विचारपूस करीत टब मंचाच्या काठाशी उभा राही. त्याच्या गिटारच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘थँक्स’ असे लिहिले होते. टाळ्या सुरू झाल्या की तो गिटार उलटी धरी. हा शिष्टाचार होता, तसाच व्यापारही होता, आणि या दोहोंत त्याच्या मनात काही विरोध असावा असे दिसत नाही. गीतांची पुस्तके आणि छायाचित्रे मध्यंतरात विकली जात. चाहत्यांची पत्रे येत की, तुमच्या मुद्रिका आमच्या गावच्या दुकानात मिळत नाहीत. म्हणून १९४७च्या मे महिन्यात त्याने नॅशव्हिलमध्ये मुद्रिकांचे दुकान काढले आणि टपालाने माल पाठवण्याची व्यवस्था केली. ऑप्री संपताच मध्यरात्री याच दुकानातून ‘मिडनाइट जम्बोरी’ नावाचा कार्यक्रम ध्वनिक्षेपित होई. त्यात नवख्यांना जागा मिळे. २ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑप्रीत थंडे स्वागत झालेला एल्व्हिस प्रेस्ली हा एकोणीस वर्षांचा पोरगा त्याच रात्री येथे येऊन गायला. गायिका लोरेटा लिनही आपल्या उमेदवारीच्या काळात येथूनच पुढे आली. त्याच १९४७ सालच्या सप्टेंबरात टब न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ऑप्रीच्या मंडळींसह गायला. त्या भव्य वास्तूकडे नजर फिरवून, येथे गवत मात्र पुष्कळ मावेल, असा शेरा त्याने मारला, आणि तो अजूनही सांगितला जातो.

अशा आयुष्याची किंमत घरी चुकवावी लागते. त्याचा पहिला विवाह १९४८ साली मोडला. मद्याचे व्यसन मध्यंतरी इतके बळावले की १९५७ मध्ये एके दिवशी तो पिस्तूल घेऊन ऑप्रीच्या मालक विमा कंपनीच्या इमारतीत शिरला, आणि ज्याच्यावर राग होता तो अधिकारी तेथून केव्हाच गेलेला असताना त्याने प्रवेशदालनात गोळी झाडली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पोलिसांनी त्याला मद्यपानाबद्दल अटक केली. श्रोत्यांनी मात्र हे प्रकरण मनावर घेतले नाही. आपला माणूस चुकला तर काय करायचे, हे त्यांना आपल्या घरातून माहीत होते.

१९६५ साली ‘कंट्री म्यूझिक हॉल ऑफ फेम’मध्ये त्याची निवड झाली. त्याच दशकाच्या मध्यावर डॉक्टरांनी फुप्फुसांचा विकार सांगितला आणि फिरती कमी करण्याचा सल्ला दिला, परंतु त्याने बस थांबवली नाही. बसमध्येच प्राणवायूची नळकांडी ठेवण्याची तजवीज केली. १९७५च्या सुमारास डेक्काच्या वारस कंपनीने त्याच्याशी असलेला करार संपवला. शहरी पॉप गायकाच्या बाबतीत हा कारकिर्दीचा शेवट ठरला असता. टबच्या सुपाऱ्या मात्र त्यामुळे आटल्या नाहीत, कारण ज्या गावांत तो तीस वर्षे जात होता तेथली माणसे त्याची नवी मुद्रिका निघाली की नाही याची चौकशी करीत नव्हती. १९७९ साली पीट ड्रेक या निर्मात्याने त्याची जुनी गाणी पुन्हा मुद्रित करून घेतली आणि त्याला न सांगता विली नेल्सन, मर्ल हॅगर्ड, लोरेटा लिन अशा मंडळींचे आवाज त्यात मिसळले. पुढल्या वर्षी लोरेटाच्या जीवनावरील ‘कोल मायनर्स डॉटर’ या चित्रपटात तो स्वतःच्याच भूमिकेत दिसला.

१९८२च्या अखेरीस श्वास इतका तोकडा झाला की मंचावर उभे राहणे अशक्य झाले, आणि ही फिरती थांबली. ६ सप्टेंबर १९८४ रोजी नॅशव्हिलमध्ये त्याचे निधन झाले. तेथल्या ब्रॉडवे रस्त्यावरील मुद्रिकांचे दुकान त्याच्या नावाने पुढेही चालू राहिले, आणि मध्यरात्रीचा कार्यक्रमही; काही काळ त्याचे सूत्रसंचालन त्याचा मुलगा जस्टिन, जो स्वतः गवई व गीतकार होता, करीत असे.